मदत हवी आहे : एव्हर्टनची दोन गोलांची आघाडी का टिकत नाही?

सर्वांना नमस्कार. मी पुण्यात राहतो आणि बरीच वर्षे एव्हर्टन या इंग्लिश फुटबॉल क्लबचे सामने नेमाने पाहत आलो आहे; 2024-25 च्या मोसमातील प्रीमियर लीगमधल्या सलग चार पराभवांनी मन फार अस्वस्थ झाले आहे. ब्रायटनविरुद्धचा 0-3 आणि टॉटनहॅमविरुद्धचा 0-4 हे पराभव पचवता येतात, कारण प्रतिस्पर्धी उघडउघड सरस होते. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. 31 ऑगस्टला गुडिसन पार्क या आपल्या मैदानावर बोर्नमथविरुद्ध 87व्या मिनिटापर्यंत आपण 2-0 असे पुढे होतो. सामना जिंकलाच असे धरून मी पाने घ्यायला सांगितली आणि ताटे वाढून होईपर्यंत बोर्नमथच्या सेमेन्यो, कुक आणि सिनिस्टेरा यांनी तीन गोल केले. पुढच्याच सामन्यात अॅस्टन व्हिलाविरुद्धही 2-0 वरून 2-3.

ब्रँथवेट तेव्हा दुखापतग्रस्त होता हे मान्य, पण केवळ एका बचावपटूच्या अनुपस्थितीने एवढी पडझड होईल असे मला वाटत नाही. आघाडी मिळताच संघ स्वतःच्या गोलजवळ दाटी करून बसतो आणि चेंडू पुढे टिकवून धरायला कोणी उरत नाही, हे माझे निरीक्षण बरोबर आहे का? की तेव्हाचे प्रशिक्षक डाइश यांनी खेळाडू बदलायला उशीर केला? ज्यांनी हे दोन्ही सामने पुन्हा बारकाईने पाहिले असतील त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. 1892 पासूनच्या गुडिसन पार्कवरचा पुरुष संघाचा तो अखेरचा मोसम होता, म्हणून जीव अधिकच तुटतो.