शेणखत घातल्यावर गुलाबाची पानं पिवळी पडली, काय चुकलं?

मातीवेडी: चार वर्षं गुलाबांना नुसतं दाणेदार रासायनिक खत देत आले, फुलं यायची पण माती इतकी घट्ट झालीये की पाणी वरच साचतं आणि वाळली की भेगा पडतात, म्हणून यंदा छाटणीनंतर भरपूर शेणखत मिसळलं. महिन्याभरात खालची पानं पिवळी, दोन झाडं मलूल, उकरलं तर पांढऱ्या जाड अळ्या. माती सुधारायच्या ऐवजी हे काय झालं?

काटेरी: खत कच्चं होतं का ताई? अळ्या म्हणजे बहुतेक हुमणी, मुळं खाते ती, कच्च्या शेणखतातून हमखास येते. आधी सगळ्या वेचून काढा. आणि खतात काडीकचरा असेल तर तो कुजवायला जिवाणू मातीतलाच नत्र (नायट्रोजन) ओढून घेतात, त्यामुळे जुनी पानं आधी पिवळी पडतात. कुजलेलं खत काळपट, भुसभुशीत असतं, ढीग आतून थंड आणि वास ओल्या मातीसारखा.

मातीवेडी: काडीकचरा होता आणि शेणाचा वासही येत होता 😞

जुनी_छाटणी: मग तेच कारण. पण शेणखत सोडू नका हो, प्लीज. त्यात नत्र जेमतेम अर्धा टक्का, ते झाडापेक्षा मातीचं जेवण आहे, जिवाणू-बुरशी ते खाऊन जो चिकट पदार्थ सोडतात त्यानेच मातीचे कण एकमेकांना धरून रवाळ होतात आणि मधून हवा-पाणी खेळतं. एका वर्षात नाही होत हे, दरवर्षी थोडं थोडं घालत राहायचं. सध्या फक्त मूठभर निंबोळी पेंड आणि थोडं गांडूळखत वरच्या थरात हलकं मिसळा, माती ओली असताना खोदू नका, चिकण माती दाबली जाऊन अजून घट्ट होते. हाडांचा चुरा घ्यायच्या आधी मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-विम्लपणा) तपासा, गुलाबाला 6 ते 6.5 आवडतो, 7 च्या वर असेल तर त्यातला स्फुरद (फॉस्फरस) विरघळतच नाही, पैसे वाया.

मातीवेडी: खूप आभार दोघांचे, आजच अळ्या काढायला बसते. वाळलेल्या पानांचं आच्छादन चालेल का?

जुनी_छाटणी: चालेल की, 5-7 सेंमी जाड, खोडापासून चार बोटं लांब. काळे ठिपके पडलेली गुलाबाची पानं मात्र त्यात घालू नका, रोग तिथूनच परत वर चढतो.