चालू असलेला जुना फ्रीज बदलावा का?

रानवाट
आमच्या घरात सध्या यावरून वाद चालू आहे. फ्रीज अठरा वर्षांचा, एकदाही बंद पडलेला नाही. मुलगी म्हणते, "आई, हा वीज खातो, नवा इन्व्हर्टरवाला घेऊ." माझं मन तयार होत नाही. चालती वस्तू भंगारात काढायची, तिच्या जागी नवं पोलाद, तांबं, प्लास्टिक आणायचं आणि त्याला पर्यावरणाची काळजी म्हणायचं, हे मला पटत नाही.

नुसतं वाटतं म्हणून बोलत नाहीये. प्लगला लावायचं वीजमापक आणलं. २४ तासांत २.१ युनिट. मग दाराच्या रबरात कागद धरून दार लावलं आणि कागद ओढला. वरच्या कोपऱ्यात तो अलगद निघून आला. म्हणजे तिथून गारवा रात्रंदिवस बाहेर जात होता. रबर बदललं, मागच्या जाळीवरची धूळ ब्रशने काढली, फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. पुढच्या आठवड्याची सरासरी रोज १.६ युनिट आली. एवढ्याशा दुरुस्तीने इतकं होत असेल तर नवा कशाला?

किरणशलाका
रबर बदललंत ते उत्तमच, पण हिशोब अर्ध्यावर सोडलात. आमचा त्याच मापाचा नवा फ्रीज रोज ०.७ युनिट घेतो, मीही मोजलंय. फरक ०.९, म्हणजे वर्षाला ३२८ युनिट. कोळशावर तयार होणाऱ्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हे दरवर्षीचं झालं. फ्रीज बनवायला जितकी ऊर्जा लागते त्याहून कितीतरी जास्त तो आयुष्यभर चालवायला लागते. ड्रिल मशीनबद्दल बोलत असतात तर मी तुमच्याच बाजूने असतो. ते वर्षातून चार वेळा बाहेर निघतं. फ्रीज कधी थांबतच नाही.

रानवाट
आकडा मान्य. पण माझा जुना फ्रीज नाहीसा होणार आहे का? तो कुठे जाणार?

सांधेजोड
याच प्रश्नावर लिहायचं होतं. मी फ्रीज-एसी दुरुस्तीचंच काम करतो. जुना फ्रीज विकलात तर तो दुसऱ्याच्या घरी तेवढीच वीज खातो. तुमचं बिल कमी होतं, एकूण खप नाही. भंगारात दिलात तर पुष्कळदा तांब्यासाठी नळी सरळ कापली जाते. फुस्स करून आतला थंडावा देणारा गॅस हवेत जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं. १९८७च्या माँट्रियल करारामुळे ओझोनला खाणारा आर-१२ हा फ्रीजमधला गॅस हद्दपार झाला, त्याच्या जागी आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता भरपूर धरून ठेवतो: त्याचा १०० ग्रॅम गॅस हवेत गेला तर सव्वाशे ते दीडशे किलो कार्बन डायऑक्साइडइतकी हवा तापते. अठरा वर्षांच्या फ्रीजमध्ये बहुधा हाच असणार, मागच्या पाटीवर लिहिलेलं असतं. नव्यांत बऱ्याचदा आर-६००ए असतो, त्याचा हा त्रास जवळपास नाही. तेव्हा बदला, माझी हरकत नाही. पण गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणाऱ्याच्याच हाती जुना सोपवा.

पाऊलखुणा
मी रानवाट यांच्या बाजूने. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८६५ सालीच लिहून ठेवलंय, वाफेची इंजिनं काटकसरी झाली तसा कोळशाचा खप उलट वाढला. घरातही तेच होतं. "वीज कमी खातो" म्हणून आपण दुप्पट मापाचा घेतो. आमच्याकडे नवा आला आणि जुना गेलाच नाही, "असू दे, थंड पाण्याला होईल" म्हणून आतल्या खोलीत आजही चालू आहे. बचत कसली, दोन फ्रीज झाले!

किरणशलाका
हा दोष यंत्राचा नाही, आपल्या निर्णयाचा आहे. आधी जुना काढायचा आणि माप तेवढंच ठेवायचं, एवढं पाळलं तर बचत खरीच होते. जेव्हन्सचं नाव घेऊन हात बांधून बसायचं असेल तर मग एलईडीही नको म्हणा. ६० वॉटच्या पिवळ्या दिव्याचं काम ९ वॉटचा एलईडी करतो. म्हणून कुणी घरात सहापट दिवे लावलेले मी तरी पाहिले नाहीत.

ओलावा
सगळे फ्रीजमध्येच अडकलात. एकाच्या आंघोळीचं १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटहून जास्त वीज लागते. घरात चौघं असतील तर दोन युनिट झाली, म्हणजे रानवाटताईंचा अख्खा फ्रीज. गिझरचा काटा खाली आणा, जमलं तर छतावर सौर बंब बसवा. मोठी बचत तिथे आहे.

रानवाट
सांधेजोड, पाटी वाचली. आर-१३४ए, १३० ग्रॅम. हे मला ठाऊकच नव्हतं. आतलं तापमानही मोजलं. २ अंश निघालं, उगाचच इतकं गार. ४ वर आणलंय. आता पुन्हा आठवडाभर मापक लावते. आकडा १.३च्या खाली उतरला नाही तर मुलीचं ऐकेन, पण त्याआधी गॅस काढून घेणारा माणूस शोधणार. तो मिळेपर्यंत जुना जागचा हलणार नाही.