७३ ची कॉर्व्हेट, मागची स्प्रिंग बदलल्यावर मागून उंच झालीय, खाली कशी आणायची?

जर्सीकर_७३
नमस्कार मंडळी, इथे जुन्या अमेरिकन गाड्यांवाले दोन-चार जण आहेत म्हणून विचारतोय. गाडी १९७३ ची कॉर्व्हेट कूपे, ३५० इंजिन, ऑटोमॅटिक. मागची मूळची नऊ पाट्यांची स्टीलची स्प्रिंग डावीकडून पार बसली होती, ती काढून फायबरग्लासची एकपाती टाकून घेतली, ३६० पाउंडवाली (हा ताठरपणाचा आकडा, वजन नव्हे). बोल्ट आणि रबरं जुनीच ठेवली गॅरेजवाल्याने, पुढच्या कॉइल स्प्रिंगांनाही हात लावला नाही. आता गाडी सरळ उभी राहते पण मागून आधीच्यापेक्षा दीड इंच वर आहे, फेंडरच्या कडेपासून हबच्या मध्यापर्यंत मोजलंय. बायको म्हणाली सूर्यनमस्कार घालतेय का ही. गॅरेजवाला म्हणतो चालवा, आपोआप बसेल. खरंच बसते का? की काही करावं लागेल? आणि हो, स्टेपनी आणि तिचा खालचा डबा मी आधीच काढून ठेवलाय.

डेट्रॉइटचा_भाऊ
मोजलंस कधी? जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजलं असशील तर तो आकडा सोडून दे. या गाडीला मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे (दोन्ही चाकं वेगवेगळी वरखाली होतात), जॅकवर चाकं लटकली की खालून आत ओढली जातात, आणि गाडी खाली ठेवली तरी टायर जमिनीला धरून बसतात, बाहेर सरकत नाहीत, त्यामुळे मागचा भाग अडकल्यासारखा वरच राहतो. गल्लीत जरा पुढे-मागे फिरव, मागून दोन-चार वेळा दाबून सोड, मग सपाट जागेवर मोज. टाकीत पेट्रोल किती होतं तेही लिही. तुझ्या मॉडेलची टाकी १८ गॅलनची, म्हणजे शंभर पाउंडाच्या वर वजन नुसतं पेट्रोलचं, आणि ते सगळं मागच्या चाकांच्याही मागे. त्यात स्टेपनी काढलीस, ते वजनही तिथलंच गेलं. अर्धी टाकी ठेवून मोजत जा म्हणजे दर वेळी हिशोब तोच राहील.

जुनी_गाडी_काका
भाऊ बरोबर सांगतोय, पण फिरवून सगळा दीड इंच जाणार नाही. आणि "आपोआप बसेल" हे स्टीलच्या पाट्यांना लागू, फायबरग्लास तशी बसत नाही, म्हणून तर लोक टाकतात. १९८१ ला कंपनीने स्वतःच ऑटोमॅटिक गाड्यांना ती दिली, सुमारे ४४ पाउंडांची स्टीलची जाऊन ८ पाउंडांची आली.

आता उपाय. तुझ्या गाडीत ही आडवी स्प्रिंग मधोमध डिफरन्शियलला (मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) चार बोल्टांनी घट्ट आवळलेली असते आणि तिची दोन टोकं ट्रेलिंग आर्मच्या (चाक धरणारा, पुढून मागे येणारा दांडा) खाली एकेका लांब बोल्टवर लटकतात, मध्ये रबरी कुशन. तोच बोल्ट म्हणजे उंची ठरवायची जागा. बोल्ट लांब केला की आर्म आणि चाक बॉडीच्या जवळ जातं, म्हणजे गाडी खाली. नट आवळला की वर. मूळचा बोल्ट आखूड पडतो, त्यात सोडायला जागाच नाही, म्हणून ८ इंची बोल्टांचा सेट घ्यायचा, नवीन कुशन आणि वॉशरसकट. जुनी रबरं परत घालू नकोस, पन्नास वर्षांची रबरं दोन्हीकडे सारखी दबलेली असतील ही आशाच सोड.

बसवताना जपून. गाडी फ्रेमवर दोन भक्कम स्टँडवर, चाक काढलेलं. स्प्रिंगच्या टोकाजवळ एक जी-क्लॅम्प पक्का लाव आणि जॅक क्लॅम्पच्या आतल्या बाजूला घे, म्हणजे जॅक बाहेर घसरायला गेला तर क्लॅम्प अडवेल. जॅक हळूहळू चढव, नटावरचा ताण गेला की नट हाताने फिरेल, तेवढंच पुरे. फ्रेम स्टँडवरून उचलायला लागली तर तिथल्या तिथे थांब. त्या स्प्रिंगमध्ये काय जोर भरलेला असतो ते हात तिच्या खाली असताना कळायला नको. दोन्हीकडे नट सारखेच वळसे सोड, कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालायची खीळ) घातल्याशिवाय गाडी खाली उतरवू नकोस.

सांगलीचा_पाटेवाला
आमच्याकडे ट्रकचे पाटे बसले की भट्टीत तापवून परत कमान देतात, उंच झाले तर एक पान काढतात, संपला विषय. इथे यातलं काही चालणार नाही हे सांगायला आलो. फायबरग्लास तापवायची नाही, कापायची नाही, घासायची नाही, भोक पाडायचं नाही. वरचा एक कुशन काढून टाक म्हणजे इंचभर मिळेल असं कुणी सांगितलं तर त्याचंही ऐकू नका, लोखंड थेट फायबरवर घासलं की तिथूनच चिरा सुरू.

जर्सीकर_७३
धन्यवाद सगळ्यांना. अर्धी टाकी ठेवून, फिरवून, दाबून मोजलं. अर्धा इंच खाली आली, अजून एक इंच वर आहे, दोन्ही बाजू सारख्या. बोल्टच घेतो. पण १० इंचीही मिळतात, तेच घेऊ का, म्हणजे पुढे अजून खाली करायची झाली तर?

कॅम्बर_बघा_आधी
१० इंची कशाला? एक इंचासाठी ८ भरपूर झाले. लांब बोल्टचं उरलेलं टोक खाली लोंबतं, रस्त्यावरच्या खड्ड्यात किंवा टायर बसला तर पहिलं तेच घासणार. आणि सगळा दोष मागच्याच स्प्रिंगला का देताय? पुढच्या कॉइल पन्नास वर्षं जुन्या आहेत, त्या बसलेल्या नसतील कशावरून? मागून उंच दिसते ती अर्धी पुढून बसल्यामुळे असेल. पुढची उंचीही मोजा, नाहीतर मागून खाली आणाल, मग कधीतरी पुढच्या स्प्रिंगा बदलाल आणि परत नट फिरवत बसाल. मी असतो तर पुढचं आधी केलं असतं, पण पैसे तुमचे.

जुनी_गाडी_काका
पुढच्याचा मुद्दा पटला. पण आता उभी आहे ती अशी वाकडी चालवू नकोस, बोल्ट टाक, पुढचं सवडीने. पुढच्या स्प्रिंगा बदलल्यावर मागचे नट पुन्हा थोडे फिरवायला लागले तरी ते तासाभराचं काम.

बोल्टवर एक इंच सोडलास म्हणून गाडी बरोब्बर एक इंचच उतरेल असं धरू नकोस, जवळपास येते, म्हणून थोडं सोड, खाली ठेव, फिरव, मोज, परत कर. एकाच बाजूला जास्त सोडून तिरकस सरळ करू नकोस, कारण मागचा डावा बदलला की पुढच्या उजव्यावरचं वजनही बदलतं आणि ब्रेक मारताना ते जाणवतं. बॅटरी ड्रायव्हरच्या सीटमागे, शिवाय तू स्वतः, तेव्हा पाव इंचाचा फरक मी तरी सोडून देतो. उंची जमली की खाली वाकून हाफशाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकांकडे जाणारे दांडे) बघ, साधारण आडवे दिसले पाहिजेत.

कॅम्बर_बघा_आधी
आणि नावाला जागून सांगतो. या गाडीत हाफशाफ्टच वरच्या आर्मचं काम करतो आणि खाली स्ट्रट रॉड हा दांडा, त्यामुळे गाडी खाली गेली की मागची चाकं वरून आत झुकतात, हा झुकाव म्हणजेच कॅम्बर. ते सरळ करायला स्ट्रट रॉडच्या आतल्या टोकाला एक्सेंट्रिक बोल्ट आहे (फिरवला की दांडा आत-बाहेर सरकतो), बहुतेक गाड्यांत तो गंजून जाम असतो, तेव्हा अलाइनमेंटला जायच्या आदल्या रात्रीच तेल मारून ठेवा. टो (चाकं पुढून आत की बाहेर वळलेली ते) मात्र तिथे होत नाही, तो ट्रेलिंग आर्मच्या पुढच्या टोकाला शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून करतात. प्रत्येक अलाइनमेंटवाल्याकडे ते शिम नसतात, फोन करून विचारा, आणि हे सगळं उंची पक्की झाल्यावरच, आधी नाही.

जर्सीकर_७३
सेट मागवला, ८ इंचीच. शिमवाल्याला फोन केला तर म्हणाला कॉर्व्हेट आणा पण शिम तुमचे तुम्ही आणा. डाव्या एक्सेंट्रिकचा नट हलतोय, उजवा ढिम्म. त्याला गॅसने तापवला तर जवळचं रबर जाईल ना?

डेट्रॉइटचा_भाऊ
जाईल. तेल मारत राहा रोज, घाई नको. शेवटी कापून काढावाच लागला तर नवीन बोल्ट, कॅम आणि बुश (दांड्याच्या टोकातलं रबर) एकदमच टाक, त्या जुन्या बुशमध्ये तसाही जीव उरलेला नसेल. आणि नवीन बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळ, लटकत्या चाकांवर आवळलेस तर रबर पिळलेलं राहतं आणि परत मागून वरच दिसेल.