'इंटिग्रेटेड लेसर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रकाशाने आकडेमोड करणाऱ्या चिपांवर लेख लिहितेय. सुरुवातीलाच अडखळले. 'लाईटवर चालणारा संगणक' असं वाचून दाखवलं, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, सगळेच लाईटवर चालतात की!" म्हणून 'प्रकाशीय संगणन' केलं. सेमीकंडक्टरला 'अर्धवाहक' आहेच. घोडं अडलंय ते 'इंटिग्रेटेड'पाशी, म्हणजे चिपवरच बसवलेल्या लेसरच्या नावापाशी. 'एकात्मिक' लिहिलं की मला थेट एकात्मिक बालविकास योजना आणि अंगणवाडीतली खिचडी दिसते. दुसरा शब्द?

प्रतिसाद १
'अंगभूत लेसर' घ्या. या चिपांत गुणाकार तर प्रकाशलहरी एकमेकींत मिसळताना जवळपास फुकटात होतो. वीज खातात ते लेसर आणि विजेचा प्रकाश, प्रकाशाची पुन्हा वीज करणारे भाग. त्यात लेसर बाहेर ठेवून फायबरने प्रकाश आणला, तर चिपमध्ये शिरतानाच त्यातला बराच सांडतो. म्हणून लेसर चिपच्या अंगावरच हवा.

प्रतिसाद २
अंगावर हवा हे खरं, पण 'अंगभूत' म्हणजे मुळातच अंगी असलेला. सिलिकॉनच्या अंगी प्रकाश देणं नाहीच. त्यातल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा बहुतेक उष्णतेत जाते. १९६२चा पहिला अर्धवाहक लेसर गॅलियम आर्सेनाइडचा होता, त्याला अंगभूत शोभलं असतं. सिलिकॉनसाठी २००६ साली सांता बार्बराचं कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि इंटेल यांनी इंडियम फॉस्फाइडवर वाढवलेले थर सिलिकॉनवर चिकटवले. उजेड त्या थरांचा, वाट सिलिकॉनची. हे सरळसरळ कलम आहे हो! खुंट रायवळ, फांदी हापूसची. 'कलमी लेसर' म्हणा.

मूळ लेखिका
झकास! पण इंग्रजीत त्याला 'हायब्रीड' म्हणतात. मग 'संकरित' का नको?

प्रतिसाद २
संकरात दोन वाण मिसळून तिसराच होतो, हायब्रीड ज्वारीसारखा. इथे दोन्ही पदार्थ आपापल्या जागी असतात, मध्ये सांधा. शिवाय कलमाचं दुखणंही इथे आहे: शेजारची चिप तापली की लेसर मलूल होतो, तेवढ्याच प्रकाशाला जास्त वीज मागतो. वीज वाचवायला आणलेला पाहुणा, त्याचीच बडदास्त.

प्रतिसाद १
'अंगभूत' मागे घेतो. फक्त 'कलमी शोरा' आठवून कुणी लेसरमध्ये दारूगोळा शोधू नये.

मूळ लेखिका
मथळ्यात 'एकात्मिक'च ठेवते, शोधणाऱ्याला सापडायला हवं. आत मात्र 'कलमी', आणि पहिल्यांदा येईल तिथे आंब्याचं एक वाक्य.