लाल की तांबडा? आणि 'हिरवा पान' म्हणणाऱ्या पोरांचं काय करायचं?

गुहागरहून:
आमच्या वाडीतल्या अंगणवाडीत मदतीला जाते. पोरं साडेतीन-चार वर्षांची. टोपलीत पानं, बाटल्यांची झाकणं, शिंपले, चिंध्या टाकायच्या आणि रंगाप्रमाणे ढीग लावायचे, असा खेळ घेतो. दोन ठिकाणी अडतंय. तक्त्यावर 'लाल' छापलंय, घरी आज्या 'तांबडा' म्हणतात, शिकवू कोणता? आणि तक्त्यावर बोट ठेवलं की सगळी ओरडतात 'हिरवा!', पण हातात पान दिलं तरी 'हिरवा पान'च म्हणतात. दरवेळी सुधारायचं का?

अलिबागहून:
ताई, दुसऱ्याचं मूळ तुमच्या तक्त्यात आहे. 'हा कोणता रंग?' विचारलं की उत्तर 'हिरवा'च येणार, कारण रंग पुल्लिंगी. तोच शब्द घेऊन पोर पानाकडे जातं. आपल्याकडे हिरवा, पिवळा, निळा, काळा, पांढरा, जांभळा, तांबडा हे वस्तूप्रमाणे रूप बदलतात: हिरवा पोपट, हिरवी कैरी, हिरवं पान. लाल, गुलाबी, केशरी, पोपटी, आकाशी मात्र आहेत तसेच राहतात. म्हणजे 'लाल' एकदा शिकला की झालं. 'हिरवा' तीनदा शिकायचा, आणि अनेकवचनात 'हिरव्या मिरच्या' आल्या की चौथ्यांदा. मोठ्यांना हे जाणवत नाही, कारण आपण ते कधी शिकलो हे आठवतच नाही.

म्हणून प्रश्न वस्तूचं नाव घेऊन विचारा. 'हिरवी कैरी कुठाय?', 'हिरवं पान दे बघू.' आणि 'हिरवा पान' ऐकलं तर 'चुकलं' म्हणू नका. 'हो, हिरवं पान!' म्हणून पुढे चला. कानावर पडत राहिलं की बसतं.

कुडाळहून:
'तांबडा'बद्दल माझं मत. हा शब्द 'लाल'पेक्षा ऐसपैस आहे. तांबडा भोपळा कापला की आत सरळ केशरी. तांबडं फुटतं तेव्हाचं आभाळ काही लालभडक नसतं. आपली माती तांबडी, माठाची भाजी तांबडी, पण सिग्नल तांबडा झाला असं म्हणणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. तेव्हा झाकणांच्या ढिगाला 'लाल' म्हणा, अंगणातल्या मातीला 'तांबडी' म्हणा, दोन्ही शब्द राहू देत. पोरं गोंधळत नाहीत. गोंधळतात ते पालक.

आणखी एक. आमच्याकडे मालवणी घरातलं पोर 'तांबडो', 'हिरवो', 'हिरवां पान' म्हणत येतं. त्याला तीन लिंगं घरूनच येतात, नुसते शेवट वेगळे. तिथे 'नीट बोल' म्हणून दटावलं की पोर गप्पच बसतं.

गुहागरहून:
मग करवंदांचा 'कोंबडा की कोंबडी' घ्यावा काय? एप्रिल-मे तर जवळ आलाय.

कुडाळहून:
घ्याच. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पिकलं करवंद बाहेरून काळं. दातांनी फोडण्याआधी अंदाज सांगायचा. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. आमच्या शेजारची चिमुरडी अर्धं करवंद बोटांत धरून आधी स्वतः डोळे बारीक करून बघते, मग सगळ्यांना दाखवत फिरते, ओठ जांभळे झालेले. तिला 'लाल' म्हणता येत नाही अजून, पण कोंबडा कधी चुकत नाही. (चीक असतो, आधी धुऊन घ्या.)

डहाणूहून:
क्रमही तोच हवा. आधी सारखं सारख्याशी जुळवणं, मग 'निळं दाखव', आणि 'हे कसं आहे?' सगळ्यात शेवटी. माँटेसरी पद्धतीतला धडा याच वळणाचा. ताराबाई मोडक 1945 साली आमच्या इकडे बोर्डीला आल्या आणि त्यांनी बालवाडी चालवली ती महागडी साधनं बाजूला ठेवून, आसपास मिळणाऱ्या वस्तूंवर. तुमची टोपली त्याच घराण्यातली.

रत्नागिरीहून:
तपकिरी की चॉकलेटी? तपकीर ओढणारे आजोबा आता कुठे आहेत? चॉकलेटी म्हणा. रातांबा मात्र जरूर आणा: पिकला की लाल, वाळवून आमसूल केलं की काळपट, सोलकढीत गुलाबी.

गुहागरहून:
आणीन. आता अडतंय निळ्यापाशी. तक्त्यावर समुद्र निळा दाखवलाय, आणि पावसाळ्यात पोरांना खिडकीतून दिसतो तो मातकट. गोकर्णीच्या फुलाशिवाय निळं काही सापडत नाही.

अलिबागहून:
समुद्र सोडा. पाण्याचं निळं पिंप, पडवीवर बांधलेली निळी ताडपत्री, कोणाचा तरी निळा रेनकोट. अंगणात उभं राहून तिन्ही दाखवता येतील.