घरातलं आजारपण आणि घरातलीच शाळा: तुमचे अनुभव

काजवा:
परवा माळा आवरताना एक आलेखाचा कागद हाती आला. कोपऱ्यावर वरणाचा डाग. आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर पांढऱ्या पेशी. मोठीने काढलेला, तेरा वर्षांची असताना. सहा खड्डे आहेत त्यात, सहा केमोंचे. तिथेच शिडीवर बसून राहिले.

२०१५ च्या जुलैत नवऱ्याला लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) निघाला. (तो आता ठणठणीत आहे, आधीच सांगते, नाहीतर वाचताना जीव टांगणीला लागेल.) दर २१ दिवसांनी एक अशा ६ केमो. प्रत्येक केमोनंतर आठ-दहा दिवसांनी पांढऱ्या पेशी तळाला जातात, तेव्हा साधी सर्दीसुद्धा महागात पडते. आणि धाकटा बालवाडीतून दर आठवड्याला नाक गळतच घरी यायचा. डॉक्टर म्हणाले, मुलांना काही महिने गर्दीपासून लांब ठेवता आलं तर बघा. मग तिघंही घरी. मोठी आठवीत, मधला चौथीत, धाकटा साडेचार वर्षांचा.

सोमवारी मी भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. बुधवारी नवऱ्याला ताप भरला, रात्रीच भरती करावं लागलं, आणि त्या वेळापत्रकाकडे परत कुणी पाहिलं नाही. पुढे टिकला तो फक्त दुपारी चारचा एक तास, बाबाच्या कॉटभोवती. औषधांचा तक्ता हेच पुस्तक. धाकटा रिकाम्या पाकिटांवरचे खळगे मोजायचा. आठ-आठ तासांनी गोळी म्हणजे दहा दिवसांत किती, पाकीट कधी संपेल, हे मधल्याने काढायचं. मोठीकडे रक्ताचे रिपोर्ट. तिसऱ्या केमोपर्यंत ती मला सांगायला लागली, "आई, शुक्र-शनिवारी सगळ्यात कमी असतील, मावशीला पुढच्या आठवड्यात बोलव." स्टिरॉइडच्या पाच दिवसांत नवऱ्याची झोप उडायची. मोठीचं बीजगणित त्याने पहाटे साडेतीनला घेतलंय.

मधल्याचं मात्र अजून आठवलं की पोटात कालवतं. सांगितलेलं सगळं निमूट करायचा, म्हणून मला वाटलं हा बरा आहे. नोव्हेंबरात त्याच्या उशीखाली गोळ्यांची दोन भरलेली पाकिटं सापडली. विचारलं तर रडायलाच लागला. पाकीट कधी संपणार हे गणित मी त्याला रोज घालत होते, आणि गोळ्या संपल्या की बाबा संपणार असं तो धरून बसला होता. चार महिने. मोठीला मी सगळं समजावून सांगितलं होतं, धाकट्याला गोष्ट करून सांगितलं होतं, याला काही सांगायचं राहूनच गेलं.

तुमच्याकडे असा काळ आला असेल तर लिहा. अभ्यासाचं लिहाच, पण कोणत्या वयाच्या मुलाला काय सांगितलंत तेही लिहा.

ओवी_ठाणे:
टडोपा (टचकन डोळ्यांत पाणी). कुकर लावलाय, रात्री येते लिहायला.

गोदाकाठ:
बायकोला मणक्याचा टीबी. वर्षभर गोळ्या, त्यातले पहिले तीन महिने पाठ टेकूनच. हा टीबी खोकल्यातून पसरत नाही, तरी सोसायटीतल्या लोकांनी आपली मुलं आमच्याकडे पाठवणं बंद केलं. मुलगी ११ ची, मुलगा ६ चा. मुलाला शाळेत कुणी काहीतरी बोललं, तो जाईनाच. सत्र संपेपर्यंत घरी ठेवला.

मी कंपनीत पाळीला. सकाळची पाळी असली की दुपारी तीनला घरी, तोवर पोरगी शाळेत. म्हणजे दिवसभर तो आणि पडलेली आई. तिने त्याला छताकडे बघत वाचायला शिकवलं. खरंच. मी पुठ्ठ्यावर मोठी अक्षरं काढून पंख्याच्या आजूबाजूला चिकटवली, दोघं शेजारी पडून वाचायचे. जोडाक्षरं आली तेव्हा छत पुरेना. भाड्याचं घर होतं, सोडताना रंगाचे पैसे कापून घेतले मालकांनी. दिले.

तीन_पोरांची_आई:
आमचं एवढं मोठं नाही, फक्त कांजिण्या. पण तीन पोरांत कांजिण्या म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. पहिलीच्या खपल्या पडतात तोवर दुसऱ्याला फोड. आणि तिसरा त्याच्यापासून घेतो. दीड महिना कोणी ना कोणी घरात. त्यात शेवटी मला झाल्या, मोठ्या वयात फार जोरात येतात. सासूबाईंनी कडुलिंबाचा पाला, दारात पाणी, सगळं साग्रसंगीत केलं. अभ्यास शून्य. पोरांनी खपल्या मोजल्या.

काजवा:
@गोदाकाठ, छताचं वाचून नवऱ्याला हाक मारली आणि वाचून दाखवलं. ताई आता कशा आहेत?

गोदाकाठ:
बरी आहे. वाकून रांगोळी काढते. ठिपके मात्र मुलगा मांडून देतो.

मेथीदाणा:
केमोत तोंड येतं तेव्हा काय खायला देत होतात? माझ्या वहिनीची सुरू झालीय, तिला काहीच गिळवत नाहीये.

काजवा:
गार आणि गुळगुळीत. तिखट-आंबट नाही. नाचणीची खीर गार करून, मऊ भात-मुगाचं वरण, घोटून. कच्ची कोशिंबीर आणि बाहेरचा रस आमच्या डॉक्टरांनी बंद ठेवला होता. तिच्या डॉक्टरांना विचारून घे.

ओवी_ठाणे:
नाचणीची आंबील पण छान लागते.

मेथीदाणा:
आंबील आंबट नाही का होत? तोंड आलंय तिचं.

ओवी_ठाणे:
हो गं, बरोबर. मग नाचणीचं सत्त्व दुधात. माझी आजी त्यात चिमूटभर जायफळ घालायची. बाळंतिणीला पण तेच.

अक्का५९:
आमच्या लहानपणी होमस्कूलिंग शब्द नव्हता, वस्तू होती. वाईजवळचं गाव. आईला विषमज्वर, तेव्हा तो २१ दिवसांचा म्हणत, आमच्याकडे दोन महिने चालला. आम्ही पाच भावंडं. शाळा नदीपलीकडे आणि पावसाळा. आजी निरक्षर, पण तिला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी (पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडचे पाढे) तोंडपाठ. संध्याकाळी दिवा लावला की परवचा, शुभंकरोती, मग हे. सगळे एकत्रच म्हणायचे. लहानाला कळत नव्हतं तरी सुरात सूर. मी दहा वर्षांची, माझ्याकडे दोघा धाकट्यांची पाटी.

आईचं काय झालंय हे आम्हाला कोणीही सांगितलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती. रात्री मोठ्या भावाने सगळ्यांना परसात नेऊन सांगितलं, आई मरणार नाही, मी डॉक्टरांना विचारलंय. त्याने विचारलं नव्हतं. तो बारा वर्षांचा होता. हे त्याने मला मागच्या वर्षी सांगितलं, सत्तरी ओलांडल्यावर. काजवा, तुझ्या मधल्याला माझा आशीर्वाद सांग.

ओवी_ठाणे:
अक्का, मला लिहायचं होतं ते आता लिहवत नाही. उद्या.

शिंपला:
थोडं विषय सोडून, पण कुणाला एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) माहिती आहे का? पुतण्या दहावीत. वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, तोच घेऊन जातो. शाळेत हजेरी कमी पडतेय.

गोदाकाठ:
१७ नंबरचा फॉर्म पण असतो, राज्य मंडळाचा, बाहेरून बसायला.

निळावंती_पुणे:
@शिंपला, एनआयओएस माझ्या मुलीने केलंय. दहावीला १४ वर्षं पूर्ण हवीत. एकदा नोंदणी केली की ५ वर्षं चालते आणि त्यात ९ वेळा परीक्षा देता येते, सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. हेच मोठं सुख. माझी आई अंथरुणाला होती तेव्हा मुलीने एका खेपेला दोनच विषय दिले, बाकीचे पुढच्या खेपेला. वर्षातून दोनदा सार्वजनिक परीक्षा असते. पण आधी शाळेत मुख्याध्यापकांना भेटा, घरची परिस्थिती लेखी द्या. बरेच जण समजून घेतात. मूल शाळेत टिकत असेल तर टिकू दे, त्यालाही रुग्णालयाबाहेरचं काहीतरी हवं असतं.

शिंपला:
खूप आभार. वाखुसा (वाचनखूण साठवली).

दूरदेशी:
पेनसिल्वेनिया. बाळंतपणानंतर मला हृदयाचा त्रास, मोठी दोघं ९ आणि ७. इकडे होमस्कूलिंगला परवानगी आहे पण आमच्या राज्यात कागद फार. नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, वर्षाला १८० दिवस किंवा लहानांसाठी ९०० तास, आणि शेवटी मुलांच्या कामाची फाइल एका शिक्षिकेकडून तपासून घ्यायची. मी दमून पडलेली असायचे आणि डोक्यात तास मोजणं. त्या बाईंना मी रडत सांगितलं की एप्रिलमध्ये आम्ही काहीच केलं नाही. त्या फाइल चाळत होत्या. मुलीने बाळाच्या दुधाच्या वेळा आणि औंस लिहिलेली वही त्यात घातली होती, सरासरी काढलेली. त्या म्हणाल्या, हे गणितच आहे, हे धरा.

आई भारतातून रोज व्हिडिओवर दोघांना मराठी वाचायला लावायची. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, किशोरचे जुने अंकही. आमच्या सकाळी तिची संध्याकाळ. ती आता नाही.

तीन_पोरांची_आई:
❤️

ओवी_ठाणे:
आले. माझं थोडक्यात. बाबांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. माझा मुलगा तेव्हा पहिलीत, त्यांच्याकडेच राहायचा. वाचा उपचाराच्या ताई बाबांना चित्रं दाखवून शब्द म्हणायला लावायच्या आणि हा शेजारी बसून तेच शब्द लिहायचा. पाणी. चमचा. घर. बाबांचा एक शब्द व्हायला पाच मिनिटं लागायची. कुणी पुढे शब्द सुचवला की याला राग यायचा, "आजोबांचा नंबर आहे!" आता सातवीत आहे. वर्गात एक मुलगा अडखळत बोलतो, त्याच्या बाकावर हाच बसतो.

काजवा, मधला आता काय करतो?

काजवा:
अठरा पूर्ण झाली, बारावीनंतर फार्मसीला गेलाय. मी काही बोलले नाही त्यावर. त्यानेच परवा आलेख बघितला आणि म्हणाला, "माझी वही कुठे आहे?" त्याची वही मी ठेवली नव्हती.

पाऊलवाट:
पहिल्यांदाच लिहितेय इथे, कायम वाचते. परवा माझं ऑपरेशन आहे, स्तनाचं. मुलगा १२, जुळ्या मुली ६. नवरा रजा टाकून आहे. मुलाला सांगितलंय, मुलींना फक्त "पोटात दुखतंय" असं सांगितलं होतं. धागा वाचून आज दुपारी खरं सांगितलं. एक म्हणाली, "मग आम्ही शाळेत जायचं की नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

अक्का५९:
जाऊ देत शाळेत, बाळा. तू घरी आलीस की दोन दिवस ठेव जवळ.

काजवा:
कुठे असतेस?

पाऊलवाट:
कोथरूड.

निळावंती_पुणे:
मी कर्वेनगरला. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, पत्ता पाठव. गुरुवारपासून रात्रीचा डबा माझा. पोळ्या किती लागतात?

पाऊलवाट:
चौदा. मुलाला एकट्याला सहा.

गोदाकाठ:
मुलींना पंख्याजवळ चिकटवायला काही हवं असेल तर पुठ्ठ्याची अक्षरं अजून आहेत आमच्याकडे. कुरिअर करतो.