मदत हवी आहे : पार्किन्सन्सची गोळी आणि लॉटरीचा नाद

कोथरूडला राहणाऱ्या माझ्या ६८ वर्षांच्या वडिलांना पार्किन्सन्स (कंपवात) आहे. लेव्होडोपा या औषधाच्या जोडीला प्रामिपेक्झोल ही गोळी सुरू झाल्यापासून ते सदऱ्याची बटणे पुन्हा स्वतः लावू लागले. पण रिक्षावाल्याकडून दोन रुपये परत मागणाऱ्या बाबांच्या पंचांगात परवा लॉटरीची चाळीस तिकिटे सापडली. प्रामिपेक्झोल हे मेंदूतील डोपामाइन या संदेशवाहक रसायनाच्या डी३ ग्राहींना (ते रसायन पेशींवर जिथे चिकटते त्या जागांपैकी एका प्रकाराला) विशेष चिकटते आणि ते ग्राही बक्षिसाची ओढ निर्माण करणाऱ्या मेंदूच्या भागांत अधिक असल्याने असा नाद लागू शकतो, एवढे वाचले आहे. गोळी अचानक थांबवल्यास बेचैनी व नैराश्य येऊ शकते, म्हणून परस्पर काही केलेले नाही. डॉक्टरांनी मात्रा उतरवल्यावर आपल्या घरी नाद सुटायला किती काळ लागला, आणि तोवर पैशांचे व्यवहार त्यांचा अपमान न करता कसे सांभाळलेत?